मोटार विरुद्ध बंडी : वर्ध्याच्या एका मासिकाने घेतलेली चाचणी

ऑगस्ट १९३९. वर्ध्याच्या मगनवाडीतून निघणाऱ्या 'ग्राम उद्योग पत्रिका' या मासिकाने दोन वाहनांची तुलना छापली. एका बाजूला मोटार व्हॅन, दुसऱ्या बाजूला बैलगाडी. जिल्हा बोर्डांनी खेड्यांतल्या प्रचारकार्यासाठी यांपैकी कोणते वाहन घ्यावे, एवढाच प्रश्न होता. पुढच्याच महिन्यात, १६ सप्टेंबरच्या 'हरिजन'मध्ये गांधीजींनी त्या लेखातला महत्त्वाचा भाग उद्धृत केला आणि सगळा युक्तिवाद वाचायचा असेल त्यांनी मूळ पत्रिका मागवावी, असे सुचवले.

आज ज्याला आपण 'कम्पॅरिझन टेस्ट' म्हणतो, तिचाच हा एक प्रकार. मात्र मोटार-पत्रकारितेच्या कोणत्याही इतिहासात या लेखाची नोंद सापडत नाही. आजचा धागा मोटारींविषयी लिहिणाऱ्या जुन्या, थोर पत्रकारांचा आहे. त्यात मी वर्ध्याच्या या पत्रिकेला हक्काची जागा देणार आहे. ती का, हे समजण्यासाठी आधी थोडे दूर, थेट पेकिंगला जावे लागेल.

३१ जानेवारी १९०७ रोजी पॅरिसच्या 'ल मातँ' या दैनिकाने जगाला आव्हान दिले : पेकिंगहून पॅरिसपर्यंत मोटारीने येण्यास कोणी तयार आहे काय? लक्षात घ्या, ही कल्पना कारखानदाराची नव्हे, वर्तमानपत्राची. मोटार आणि छापखाना यांची सोयरीक पहिल्यापासूनच अशी घट्ट आहे. १० जून रोजी पाच गाड्या पेकिंगहून निघाल्या. त्यांतली 'इताला' ही इटालियन गाडी प्रिन्स शिपिओने बोर्गेझे यांची. सोबत त्यांचा मेकॅनिक एत्तोरे ग्विझार्दी आणि तिसऱ्या जागेवर मिलानच्या 'कोरिएरे देला सेरा'चा बातमीदार लुइजी बार्झिनी.

बार्झिनीची रीत साधी होती. दिवसभर गाडीत धक्के खायचे, संध्याकाळी तारघर शोधायचे आणि मजकूर पाठवायचा. गोबीच्या वाळवंटात पोंग-क्योंग नावाच्या ठिकाणी मातीच्या एका घरात तारघर होते. चिनी तारमास्तराने बार्झिनीची तार घेतली आणि तिच्यावर '१' असा क्रमांक घातला. आज दिवसभरातली पहिली तार का, असे बार्झिनीने विचारले. उत्तर मिळाले की, हे कार्यालय उघडल्याला सहा वर्षे झाली, तेव्हापासूनची ही पहिली.

दुसरा प्रसंग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. रशियातून जाताना इतालाचे लाकडी चाक खिळखिळे झाले. पुढे जाणे अशक्य. तेव्हा एका खेड्यातल्या गाडीवाल्या सुताराने जवळजवळ केवळ कुऱ्हाडीच्या बळावर नवे चाक घडवून दिले. त्या काळातले सर्वांत प्रगत यंत्र एका खेडुताच्या हातकसबावर पॅरिसला पोहोचले. तारीख १० ऑगस्ट, म्हणजे बरोबर दोन महिने. बार्झिनीने हे झाकून ठेवले नाही. गाडी डोंगरांतून मजुरांनी आणि जनावरांनी ओढत नेली, सायबेरियात लाकडी पूल मोडून ती खाली कोसळली, हेही त्याने लिहिले. गाडीचे कौतुक करताना ती कोणाच्या खांद्यावरून आली हे सांगणारा म्हणून त्याचे पुस्तक आजही वाचनीय आहे.

इंग्लंडमध्ये 'द ऑटोकार' हे साप्ताहिक १८९५ सालीच निघाले होते. १९२८ पासून त्याने गाड्यांची पद्धतशीर रस्ता-चाचणी सुरू केली : वेग मोजायचा, ब्रेकचे अंतर मोजायचे, इंधन मोजायचे, आणि ते आकडे छापायचे. यातला बदल लहान दिसतो, पण आहे मोठा. तोवर गाडीविषयीचे सत्य कारखानदाराच्या माहितीपत्रकात होते. आता ते तिऱ्हाइताच्या घड्याळात आले.

अमेरिकेत हे काम टॉम मकाहिल यांनी वेगळ्याच थाटात केले. दुसरे महायुद्ध संपले, लोक नव्या गाड्यांसाठी आसुसले होते, आणि १९४६ पासून 'मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड'मध्ये मकाहिल गाड्यांच्या चाचण्या लिहू लागले. शून्यापासून ताशी ६० मैलांपर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात, हे माप रूढ करण्याचे श्रेय त्यांनाच देतात. उपमा अशा भन्नाट की वाचक गाडी विसरून वाक्य लक्षात ठेवत. जाहिरातींच्या जिवावर चालणाऱ्या मासिकात वाईट गाडीला वाईट म्हणण्याची हिंमत त्यांनी दाखवली. आजच्या किती परीक्षकांना हे जमेल, हा प्रश्न मी इथेच सोडतो.

आणि डेनिस जेन्किन्सन! या माणसावर स्वतंत्र धागा व्हायला हवा. बुटका, दाढीवाला, साध्या राहणीचा हा इंग्रज दुसऱ्या महायुद्धात सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून लढण्यास नकार देणाऱ्यांपैकी होता. फार्नबरोच्या विमान-संशोधन संस्थेत त्याने बिगरलष्करी काम पत्करले. १९४९ साली एरिक ऑलिव्हर साइडकार शर्यतींचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याच्या शेजारी तोल सावरणारा सहकारी जेन्किन्सन होता. पुढे 'मोटर स्पोर्ट' मासिकाचा युरोपातला प्रतिनिधी म्हणून त्याने वर्षानुवर्षे शर्यती पाहिल्या आणि लिहिल्या.

१ मे १९५५ रोजी इटलीतल्या 'मिल्ले मिल्या' या सुमारे हजार मैलांच्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसच्या मर्सिडीझमध्ये तो शेजारी बसला. गाडीचा क्रमांक ७२२, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. आधी रस्ता पुन्हा पुन्हा पालथा घालून जेन्किन्सनने प्रत्येक वळण, चढ, रेल्वे-फाटक टिपून ठेवले होते. त्या टिपणांचा सुमारे १८ फूट लांब कागद गुंडाळून त्याने एका पेटीत बसवला आणि काचेच्या खिडकीतून एकेक वळण वाचत तो मॉसला हातखुणा करत गेला. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येणे शक्यच नव्हते. १० तास, ७ मिनिटे, ४८ सेकंद. तो विक्रम पुढे कधीच मोडला नाही. नंतर त्याने जो वृत्तांत लिहिला तो मोटार-पत्रकारितेतला सर्वांत गाजलेला लेख मानला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यातून घेण्यासारखी एक गोष्ट आहे : लेख उत्तम उतरला, कारण त्याआधी टिपणे उत्तम होती.

आता आपल्याकडे येऊ. भारतात असा पत्रकार बराच काळ का दिसत नाही?

यंत्रांविषयी लिहिण्याची परंपरा मराठीत नव्हती असे नाही. १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. लोखंडी नांगराची माहिती देणारे कारखान्याचे ते पत्रक पुढे मराठीतले अग्रगण्य मासिक झाले. पण नांगराविषयी लिहिणे वेगळे आणि मोटारीची परीक्षा करणे वेगळे. परीक्षेला निवड लागते. स्वातंत्र्यानंतरच्या परवाना-राज्यात गिऱ्हाइकापुढे निवड होती कुठे? ॲम्बेसेडर, फियाट (पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी झाली) आणि स्टँडर्ड. तीन नावांत बाजार संपला. बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. प्रतीक्षा दहा वर्षांवर गेल्याच्या कथा आपल्या आजोबांच्या पिढीत घरोघरी ऐकायला मिळतात. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदवलेली स्कूटर तिच्या लग्नात मिळते, हा विनोद त्यातूनच आला. मोटार-पत्रकार हा मुळात गिऱ्हाइकाचा वकील. खटलाच उभा राहत नसेल, तर वकिलाने काय करावे?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० गिऱ्हाइकाच्या हाती पडली. पाठोपाठ दोन-तीन वर्षांत हीरो होंडा, इंड-सुझुकी, यामाहा, कावासाकी-बजाज, कायनेटिक होंडा अशी नावे रस्त्यावर आली. निवड आली तशी चाचणी आली, चाचणी आली तशी मासिके आली. या पहिल्या पिढीत पुण्याचे आदिल जल दारूखानावाला आणि मुंबईचे होरमज्द सोराबजी ही दोन नावे ठळक. १९९८ मध्ये निघालेल्या 'ओव्हरड्राइव्ह'चे दारूखानावाला संस्थापक-संपादक. १९९९ मध्ये 'ऑटोकार इंडिया' निघाले ते सोराबजींच्या संपादनाखाली. विदर्भातल्या लहान गावांत हे अंक बस स्थानकावरच्या स्टॉलवर मिळत आणि एका अंकामागे दहा वाचक असत. गाडी घेण्याची ऐपत एकाचीही नसे. तरीही मायलेजच्या तक्त्यावर वाद झडत. या वाचकांचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही, आणि तो लिहिला गेला पाहिजे.

पण या सगळ्या परंपरेने एक प्रश्न फारसा विचारला नाही. गाडी किती पळते, किती पिते, कितीला पडते, हे विचारले. तिच्यासाठी गाडीत न बसणारा काय मोजतो, हे विचारले नाही. तो प्रश्न विचारणारा माणूस आमच्या वर्ध्यात होता.

जोसेफ चेल्लादुराई कुमारप्पा. जन्म १८९२, तंजावर. लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण, मुंबईत स्वतःची पेढी, नंतर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास. १९२९ मध्ये साबरमतीला गांधीजींची भेट झाली आणि सुटाबुटातला हा हिशेबनीस खादीत आला. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या मुख्यालयासाठी जमनालाल बजाजांनी वर्ध्यातली आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी. कुमारप्पा या संघाचे मंत्री आणि 'ग्राम उद्योग पत्रिके'चे संपादक. गांधीजींनी त्यांना गमतीने 'डॉक्टर ऑफ व्हिलेज इंडस्ट्रीज' अशी पदवीही देऊन टाकली होती.

१९३९ हे वर्ष ध्यानात घ्या. दहा वर्षांपूर्वी मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून पेट्रोलवरच्या जादा करातून केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला होता. १९३९ मध्येच मोटार वाहन कायदा झाला. मोटार ही आता श्रीमंताची हौस न राहता सरकारी कारभाराचे साधन होत होती. खेड्यांत आरोग्याचा, शेतीचा, शिक्षणाचा प्रचार करायला जिल्हा बोर्डांना व्हॅन हव्याशा वाटणे स्वाभाविकच होते.

पत्रिकेने या व्हॅनची टर उडवली नाही. तिने खऱ्या परीक्षकासारखा पहिला प्रश्न विचारला : हे वाहन कोणत्या कामासाठी हवे आहे? मोटारीचा गुण म्हणजे वेग. पण खेड्यात काम करणाऱ्याला वेगाची गरज आहे का? एका दिवसात अनेक गावांना तोंड दाखवून निघून जाणारा कार्यकर्ता अधिक काम करतो, की एका गावात मुक्काम करणारा? मग दुसरा प्रश्न, आणि हा अस्सल हिशेबनिसाचा : खर्च होणारा रुपया जातो कुठे? व्हॅन, तिचे टायर, तिचे पेट्रोल यांवरचा पैसा खेड्याबाहेर, बव्हंशी देशाबाहेर जातो. बैलगाडीवरचा पैसा खेड्यातल्याच माणसांच्या हाती राहतो. खेड्यांच्या नावाने काढलेला निधी खेड्यांतच राहावा, हे त्या युक्तिवादाचे मर्म.

आमच्याकडच्या बंडीचा हिशेब मांडून पाहा. आरे आणि पुठ्ठे सुताराचे, चाकावर तापवून चढवायची धाव लोहाराची, जुंपणी आणि दोर गावातच. बैलाचे इंधन धुऱ्यावर उगवते आणि त्याचा 'धूर' शेणखत होऊन शेतात जातो. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या जिनांपर्यंत कापूस पिढ्यान्‌पिढ्या अशाच बंड्यांतून आला. पेट्रोल पंपावर दिलेला रुपया आणि लोहाराच्या भात्यापाशी दिलेला रुपया यांची किंमत सारखी, प्रवास मात्र वेगळा. मकाहिल सेकंद मोजत होते, कुमारप्पांनी रुपयाचे मैल मोजले.

या चाचणीत मला एक उणीवही दिसते, आणि ती सांगितली पाहिजे. अडलेल्या बाळंतिणीला वर्ध्याच्या इस्पितळात न्यायचे असेल, तर वेग ही चैन राहत नाही. प्रचाराच्या व्हॅनपुरता पत्रिकेचा निकाल पटतो. तोच निकाल प्रत्येक वाहनाला लावू गेल्यास तो टिकणार नाही. खुद्द सेवाग्रामच्या परिसराला अंतर किती महाग पडते याचा अनुभव होता. गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगावला (१९४० पासूनचे सेवाग्राम) राहायला गेले, तेव्हा महादेवभाई देसाई मगनवाडीत राहून रोज पायी जा-ये करत. एका वाटेला साडेपाच मैल, आणि ऊन वर्ध्याचे! त्यांच्या प्रकृतीवर त्याचा परिणाम झाल्याशिवाय राहिला नाही. जून १९४२ मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर वर्ध्याहून सेवाग्रामला गेले तेही टांग्यानेच.

तरी काळाने पत्रिकेच्या एका मुद्द्यावर शिक्कामोर्तब केले, तेही लगेच. 'हरिजन'मध्ये उतारा आला तेव्हा दुसरे महायुद्ध सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. युद्धकाळात पेट्रोलचे रेशनिंग आले, कोळशाच्या गॅसची नळकांडी पाठीवर घेऊन बस धावू लागल्या. बाहेरून येणाऱ्या इंधनावर उभे राहिलेले वाहन किती परावलंबी असते, हे तेव्हा कोणाला लेख वाचून समजावून घ्यावे लागले नाही.

कुमारप्पांच्या लेखणीची किंमत त्यांनी स्वतः मोजली. याच पत्रिकेत, ब्रिटिश सरकार शेतकऱ्याचा माल घेऊन त्याच्या हाती नुसता कागदी पैसा ठेवते, अशी टीका करणारा 'स्टोन फॉर ब्रेड' हा लेख त्यांनी लिहिला आणि त्यापायी त्यांना तुरुंगवास झाला. 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक जबलपूरच्या कारावासातले.

स्वातंत्र्यानंतरचा एक प्रसंग त्यांच्याविषयी नेहमी सांगितला जातो. दिल्लीत एका मोठ्या रस्त्यावर बैलगाड्यांना बंदी होती. कुमारप्पांनी ती गोष्ट थेट नेहरूंपुढे काढली. वेगाने जाणाऱ्या लष्करी ट्रकांपासून गाडीवानांना धोका आहे, म्हणून त्यांच्याच सुरक्षेसाठी ही बंदी, असे नेहरू म्हणाले. त्यावर कुमारप्पांचा प्रश्न असा की, धोका ट्रकांमुळे आहे तर बंदी ट्रकांना का नको?

इतिहासाने मात्र एक मौज केली. मगनवाडी देणारे जमनालालजी फेब्रुवारी १९४२ मध्ये वारले. त्यांच्याच उद्योगसमूहातून २९ नोव्हेंबर १९४५ रोजी 'बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी निघाली. १९४८ पासून ती परदेशी दुचाक्या-तीनचाक्या आणून विकू लागली, आणि तीच पुढे 'बजाज ऑटो' झाली. 'चेतक' आली १९७२ मध्ये. म्हणजे भारतातल्या सर्वांत टोकदार मोटार-टीकेला ज्या घराण्याने छप्पर दिले, त्याच घराण्याने निम्म्या भारताला स्कूटरवर बसवले. याला विसंगती म्हणण्याची घाई मी करणार नाही. चेतक इथेच तयार होत होती, तिचा रुपया बव्हंशी देशातच राहत होता. हिशेबनीस कुमारप्पांनी तो रकाना नक्कीच वेगळा मांडला असता. ३० जानेवारी १९६० रोजी ते गेले. आकुर्डीचा कारखाना त्याच वर्षीचा.

आज वर्धा जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर, नागपूर ते मुंबई. त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील : गाडीचा काटा १२० वर, रिकामा रस्ता, मागे संगीत. मलाही ते आवडतात. त्या रस्त्यावर बैलगाडीला प्रवेश नाही, ट्रॅक्टरला नाही, आणि वर्ध्याच्या बजाजांनी ज्यांना दुचाकीवर बसवले त्यांनाही नाही. ज्याचे शेत रस्त्याने दुभागले, तो बोगद्याखालून पलीकडे जातो. त्याला किती अंतराचा फेरा पडतो, पावसाळ्यात त्या बोगद्यात किती पाणी साचते, हे एकाही गाडीच्या परीक्षणात येत नाही. जेन्किन्सनसारखी टिपणांची गुंडाळी घेऊन एखाद्याने हा महामार्ग खालून, बोगद्या-बोगद्याने लिहावा, अशी फार इच्छा आहे. आर्वी-सेलूकडचे कोणी तयार असेल तर जरूर कळवा. आपण मिळून करू.

शेवटी एक विनंती. 'हरिजन'चे अंक आज संगणकावर सहज वाचता येतात. १६ सप्टेंबर १९३९ चा अंक काढून तो उतारा स्वतः वाचा. कुमारप्पांची कागदपत्रे दिल्लीच्या प्रधानमंत्री संग्रहालय व ग्रंथालयात (२०२३ पर्यंतचे नेहरू स्मारक ग्रंथालय) आहेत. पण मोटार मासिकांचे तसे नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकांतले अंक ग्रंथालये जपत नाहीत, कारण त्यांना ती करमणूक वाटते, आणि घरातून ते दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. कोणाच्या काकांच्या पेटीत असे अंक असतील, तर किमान किमतींचे तक्ते, वाचकांची पत्रे आणि जाहिराती यांची छायाचित्रे काढून ठेवा. वाचकांची पत्रे विशेषतः, कारण तिथे गावांची नावे असतात.

पुढचा धागा जेन्किन्सनच्या गुंडाळीवर.